ही माहिती कुठल्या पाण्यावरची?

वाचक लिहितात:

नमस्कार. मी मिरज तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावात ग्रामपंचायत सदस्य आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात आमच्या वस्तीला बोटीची फार वाट बघावी लागली. म्हणून यंदा तरुण मंडळानं वर्गणी काढून स्वतःची बोट घ्यायचं ठरवलंय. ऑनलाइन जाहिरातीत एक जुनी रबरी बोट सापडली आहे. १४ फूट लांब, ६ फूट रुंद, सोबत १५ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक इंजिन. माहिती काढायचं काम माझा पुतण्या मोबाइलवर करतो. जाहिरातीत १० माणसं लिहिलीत. पुतण्याला एक सूत्र सापडलं, त्यानं ५ येतात. माझे चुलत सासरे तात्या जन्मभर नाव वल्हवत आले, ते म्हणतात पंधरा आरामात बसतील. लाइफ जॅकेटचंही तसंच, तेलाचंही तसंच. पुतण्यानं तर मोटारसायकलच्या टू-टी तेलाचा कॅन आणूनसुद्धा ठेवलाय. तात्या म्हणतात, "फोनातलं पाणी आन् कृष्णंचं पाणी एकच हाय व्हय?" वर्गणी लोकांची आहे, जीवही लोकांचेच. नेटवरचं काय खरं धरायचं?

ताई,

तात्यांनी टोमणा मारला, पण विचारायला हवं ते त्यांनीच विचारलंय. बोटीबद्दल नेटवर जे सापडतं त्यात धादांत खोटं त्या मानानं कमी असतं. बहुतेक गोष्टी कुठल्या ना कुठल्या पाण्यावर, कुठल्या ना कुठल्या बोटीला खऱ्या असतात. सांगणाऱ्याच्या डोळ्यांसमोर त्याचं तळं, त्याची खाडी, त्याची सुट्टीतली बोट असते. ते पाणी कुठलं हे वेगळं सांगायची त्याला गरजच वाटत नाही, आणि आपण मिरजेत बसून ते कृष्णेला लावतो.

बोयांचंच बघा, म्हणजे पाण्यातला मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांचं. समुद्रातून बंदराकडे येताना लाल बोया उजव्या हाताला ठेवायचा, हा नियम इंग्रजी व्हिडिओंत शेकडो वेळा ऐकू येतो. अमेरिकेत तो अगदी बरोबर आहे. भारतात मात्र तोच लाल बोया डाव्या हाताला ठेवायचा असतो. कारण बोयांच्या बाबतीत जगाचे दोन विभाग आहेत, आणि आपण युरोप-आफ्रिकेसोबत पहिल्या विभागात येतो, अमेरिका दुसऱ्यात. सांगणारा खोटं बोलत नाही, तरी ऐकणारा खडकावर जातो. तुमच्या गावापुढच्या नदीत बोया नाही, त्यामुळे एवढ्यावर हे सोडून देते. पण पुतण्याला हे जरूर सांगा, त्याला पटेल.

आता माणसांचा आकडा. पाच, दहा आणि पंधरा. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण बाकी सगळं चुकलं तर पैसे जातील, इथं चुकलं तर काय होतं ते तुमच्या जिल्ह्याला सांगायला नको. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळजवळ पुरातून लोकांना काढणारी बोट उलटली, तेव्हा तिच्यात झेपतील त्याहून जास्त माणसं होती.

पुतण्याचं सूत्र, म्हणजे फुटांतली लांबी गुणिले रुंदी भागिले १५, हे अमेरिकेतलं आहे. १४ गुणिले ६ म्हणजे ८४, भागिले १५ म्हणजे साडेपाचच्या वर, म्हणून पाच. गणित चुकलेलं नाही. पण हा ठोकताळा २० फुटांच्या आतल्या, एकाच तळाच्या, टणक बांध्याच्या बोटींसाठी आहे, त्यात माणूस ६८ किलोचा धरलेला आहे आणि हवा बरी असेल असं गृहीत आहे. रबरी बोटीच्या कडेच्या नळ्या स्वतःच तरंगतात, तिचा हिशेब वेगळा. म्हणजे सूत्र खरं, बोट चुकीची.

जाहिरातीतला दहाचा आकडा कुठून आला हे विकणाऱ्यालाच विचारा. तोंडी उत्तर घेऊ नका, बोटीवरच्या पाटीचा फोटो मागा. कंपनीच्या रबरी बोटीच्या मागच्या लाकडी फळीवर किंवा नळीवर एक छोटी पाटी चिकटवलेली असते. तिच्यावर बनवणाऱ्याचं नाव, जास्तीत जास्त माणसं, जास्तीत जास्त किलो आणि इंजिनाची कमाल ताकद असते. पाटी उखडली असेल, पुसली असेल किंवा विकणारा "तेवढी बसतात हो" म्हणत असेल, तर दहा हा आकडा त्याचा आहे, कंपनीचा नाही. मॉडेलचं नाव घेऊन कंपनीच्या मूळ पुस्तिकेशी ताडून बघा. नेटवरच्या माहितीत मला सगळ्यात जास्त भरवसा या मूळ पुस्तिकांचा वाटतो, कारण त्यात चूक झाली तर कंपनीला कोर्टात उभं राहावं लागतं. व्हिडिओवाल्याला फार तर चार शिव्या पडतात.

पाटी मिळाली तरी ती नीट वाचायला लागते. युरोपीय पद्धतीच्या पाटीत मोठा माणूस ७५ किलोचा धरतात. दहा जण म्हणजे ७५० किलो. पुरातून निघणारी बाई एकटी कधी येते? कडेवर मूल, पाठीला बोचकं, पिशवीत कागदपत्रं, आणि अंगावरचं लुगडं भिजून जड झालेलं. शिवाय इंजिन पस्तीस-चाळीस किलोचं, पेट्रोलची २५ लिटरची टाकी भरली की अठरा-एकोणीस किलो तिचे. पाटीवरच्या किलोंत इंजिन धरलंय की नाही हे कंपनीला विचारून घ्या.

आणखी एक बारीक अक्षरातली गोष्ट. पाटीवर सी किंवा डी असा इंग्रजी अक्षराचा वर्ग असतो. डी म्हणजे आडोशाचं पाणी, साधारण फूटभर लाट. सी म्हणजे त्याहून मोठी लाट, जास्त वारा. हे वर्ग वारा आणि लाट यांवर ठरलेत. प्रवाहाचा त्यात उल्लेखच नाही! कारण ते ठरवणाऱ्यांच्या समोर सरोवरं आणि समुद्रकिनारे होते. तुमच्याकडे लाट नसते, धार असते. म्हणून 'सी वर्गाची आहे, दणकट आहे' असं कुणी लिहिलं, तर पुरासाठी त्यातून काहीच कळत नाही.

धारेचा हिशेब पुतण्यालाच करायला सांगा. मुख्य धारेत पाणी सेकंदाला दोन मीटरनं चाललं असेल तर ते ताशी सात किलोमीटरच्या वर झालं. व्हिडिओत ही १४ फुटी बोट १५ हॉर्सपॉवरवर सुसाट पळते, कारण आत दोन माणसं असतात आणि ती नाक वर काढून पाण्यावरून घसरत जाते. दहा जण बसले की ती उचलत नाही, पाणी ढकलत चालते, आणि एवढ्या लांबीची बोट पाणी ढकलत चालली की ताशी आठ-नऊ किलोमीटरच्या पुढं फारशी जात नाही, इंजिन कितीही ओरडलं तरी. नऊतून सात गेले, उरले दोन. दोन किलोमीटरच्या वेगानं प्रवाहाविरुद्ध जाणारी बोट म्हणजे जवळजवळ जागच्या जागी उभी असलेली बोट. तेवढ्यात इंजिन बंद पडलं तर काय, हे तात्यांना विचारा. ते या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही वेबसाइटपेक्षा चांगलं देतील.

तात्यांची बाजूही तपासूनच घ्या. नदी कुठं वळताना ओढते, जुन्या विहिरीवर भोवरा कुठं पडतो, वारणेचं पाणी हरिपुराजवळ येऊन मिळालं की फुगवटा मागं कसा सरकतो, पाणी चढताना नाव कुठून काढायची आणि उतरताना कुठून, हे सगळं त्यांचं. हे जगात कुठंही लिहिलेलं नाही. पण पंधराचा आकडा त्यांच्या लाकडी नावेचा आहे, रुंद पोटाच्या, वल्ह्यांच्या आणि बहुधा संथ पाण्यातल्या. आणि 'आम्ही वीस वीस माणसं नेलीत, काही झालं नाही' हे वाक्य ज्यांचं काही झालं नाही त्यांच्याच तोंडून ऐकू येतं. मोबाइलवरचे पूर पार करणारे व्हिडिओ याच जातीचे. काहिलीत बसवून माणसं नेल्याचे व्हिडिओ आपल्याकडे दर पुरात फिरतात, बघायला भारी वाटतात, पण काहिल कलंडली तो व्हिडिओ कुणी टाकत नाही.

मग किती? पाटीवर दहा असतील आणि पाटी खरी असेल, तर चालवणारे दोघं धरून सहाच्या वर मी तुम्हाला सांगणार नाही. हा माझा अंदाज आहे, नियम नाही. एनडीआरएफचे जवान किंवा जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाची माणसं बोट बघून याहून कमी सांगतील तर ते ऐका, जास्त सांगतील तर त्यांना धार दाखवा आणि परत विचारा.

तेल. हे जरा तांत्रिक आहे, पण यातच बोट पुराच्या रात्री बंद पडते. मोटारसायकलचं टू-टी तेल हवेवर थंड होणाऱ्या इंजिनासाठी बनतं. बोटीचं इंजिन नदीचं पाणी ओढून थंड राहतं, त्याला वेगळं तेल लागतं. त्याच्या डब्यावर टीसी-डब्ल्यू-थ्री असं लिहिलेलं असतं. 'कुठलंही टू-टी चालतं' म्हणणारा माणूस दोन तास चालवून व्हिडिओ बंद करतो, पुढं प्लगवर आणि पिस्टनवर काय साठलं ते दिसत नाही. आणलेला कॅन वाया जाणार नाही, द्राक्षबागेतल्या टू-स्ट्रोक फवारणी पंपाला देऊन टाका.

तेल किती मिसळायचं, तिथंही तीच गोष्ट. नेटवर कुठं पन्नासास एक, कुठं पंचवीसास एक, कुठं शंभरास एक. तिन्ही खरी आहेत, वेगवेगळ्या काळातल्या वेगवेगळ्या इंजिनांसाठी. पन्नासास एक म्हणजे लिटरला २० मिली, पाच लिटरच्या कॅनला १००. पंचवीसास एक म्हणजे त्याच्या दुप्पट. शंभरास एक हे वाचून कुणी जुन्या इंजिनात लिटरला १० मिली घातलं, तर पिस्टन धरलंच म्हणून समजा. इंजिनावरच्या पाटीवरचा मॉडेल नंबर घ्या आणि त्याच नंबरची पुस्तिका बघा. आणि परदेशी लेखात 'गॅलनला इतके औंस' असं आलं तर आधी कुठल्या देशाचा गॅलन ते बघा. अमेरिकेचा ३.७८५ लिटरचा, इंग्लंडचा ४.५४६ चा.

पेट्रोलबद्दल तर जुन्या लेखांवर अजिबात विसंबू नका. लेख लिहिणाऱ्याच्या पंपावर दहा टक्के इथेनॉल असतं, आणि बोटीच्या इंजिनांच्या बहुतेक कंपन्यांची परवानगी दहापर्यंतच आहे. आपल्या पंपावर आता वीस टक्के आहे. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, जुन्या रबरी नळ्या आणि गॅस्केटं त्यानं फुगतात. गोऱ्या साहेबाची बोट दर रविवारी पाण्यात उतरते. तुमची दहा महिने शेडमध्ये पडून राहणार आणि एका रात्री दोनच्या सुमारास पहिल्या दोरीला चालू व्हायला हवी. म्हणून पेट्रोल भरून ठेवायचं नाही, हंगाम संपला की कार्ब्युरेटर मोकळा करायचा, आणि अमावस्या-पौर्णिमेला का होईना, पिंपात बुडवून इंजिन दहा मिनिटं चालवायचं. चालू असताना मागून पाण्याची बारीक धार पडते का बघा. ती थांबली की इंजिन तापतंय. जलपर्णी नाहीतर उसाचं पाचट पाणी ओढायच्या जाळीत बसलं की हेच होतं, आणि पाचट काढायची युक्ती फ्लोरिडाच्या व्हिडिओत सापडायची नाही. (शेडमधल्या उंदरांवरही कुणी व्हिडिओ केलेला नाही. बोट जमिनीवर गुंडाळून ठेवू नका, टांगा.)

रबराचं एक विचारायचं राहू नये. पीव्हीसी आहे की हायपलॉन, म्हणजे ऊन जास्त सोसणारं कृत्रिम रबर? पीव्हीसी स्वस्त असते, उन्हात आणि पत्र्याच्या शेडमधल्या उकाड्यात तिचे चिकटवलेले जोड सुटतात. जाहिरातीत 'रबर' एवढंच लिहितात.

ऑनलाइन दुकानात लाइफ जॅकेटच्या खाली दिसणारे तारे मोजू नका. पाच तारे देणाऱ्यांतल्या कितीतरी जणांनी ते तरणतलावासाठी नाहीतर सहलीसाठी घेतलेलं असतं. जॅकेटवर न्यूटनमध्ये आकडा असतो, म्हणजे ते किती जोरानं तरंगवतं त्याचं माप, तो बघा. ५० न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी, काठ जवळ असताना. बेशुद्ध माणसाचं तोंड ते वर ठेवेलच असं नाही. १०० किंवा १५० न्यूटनच्या जॅकेटला मानेमागं कॉलर असते, आणि पालथा पडलेला माणूस उताणा व्हावा अशी त्याची घडण असते. पुरातून ज्यांना काढायचंय त्यांतल्या बऱ्याच जणांना पोहता येत नसतं, म्हणून आकडा नसलेलं जॅकेट कितीही स्वस्त मिळालं तरी नको. मांड्यांमधून जाणारा पट्टा हवाच, नाहीतर पाण्यात पडलं की जॅकेट वर सरकतं आणि माणूस खाली. पोरांसाठी वजनाप्रमाणं वेगळी. एक मोठं जॅकेट दोन पोरांना, असला हिशेब करू नका.

पुतण्या चॅटबॉटलाही विचारत असणार. विचारू दे, पण प्रश्नात सगळं घालायला सांगा: वाहती नदी, पूर, रबरी बोट, दहा माणसं, भारतातलं पेट्रोल. आणि उत्तरानंतर 'हे कुठल्या पुस्तिकेत आहे' असं विचारून ते पान स्वतः उघडून बघायचं. पान सापडलं नाही तर ते उत्तर नाहीच. कायद्याच्या बाबतीत तर हे फारच लागू. बोटीच्या नोंदणीबद्दल शोधलं की १९१७ च्या कायद्यावरचे लेख अजून वर येतात. तो रद्द होऊन अंतर्देशीय जहाज कायदा, २०२१ आलाय. लेखावर तारीख नसेल तर तो वाचण्यात वेळ घालवू नका. नोंदणी आणि तपासणीचं महाराष्ट्र सागरी मंडळाकडे विचारा, आणि बोट घेतल्याची लेखी कल्पना तहसीलदार कार्यालयाला द्या.

पावसाळ्यात आणखी एका प्रकारची माहिती तुमच्या व्हॉट्सअॅपवर येईल. 'कोयनेतून लाखभर क्युसेक सोडलं, सावध राहा', खाली चार हात जोडलेले. त्यात तारीख आणि वेळ नसेल तर तो दोन वर्षांपूर्वीचा निरोपही असू शकतो. खऱ्या निरोपात आकडा, वेळ आणि कुठून सोडलं हे तिन्ही असतं. पायथा वीजगृहातून २१०० क्युसेक सोडणं वेगळं आणि सहा वक्र दरवाजे उघडणं वेगळं. सांगलीच्या आयर्विन पुलाची पातळी फुटांत सांगतात, इशारा ४० फुटांना, धोका ४५ ला. केंद्रीय जल आयोग मात्र पातळी समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये देतो. दोन्ही आकडे बरोबरच असतात, पण एकाच मेसेजमध्ये कुणी मिसळले की गाव घाबरतं नाहीतर झोपून राहतं. आयर्विनला किती फूट असताना तुमच्या वस्तीच्या रस्त्यावर पाणी येतं, हे तात्यांकडून विचारून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवून घ्या. बोट बाहेर काढायची वेळ त्यावरून ठरवा. उशिरा काढलेल्या बोटीत माणसं कोंबावी लागतात.

पोरांना शिकवायचं काम व्हिडिओवर सोडू नका. स्वयंसेवकांना आपत्तीत मदत करायला शिकवणाऱ्या आपदा मित्र योजनेतली तुकडी जिल्ह्यात कधी भरते ते जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षात विचारा. एनडीआरएफची पाचवी तुकडी पुण्याजवळ सुदुंबऱ्याला असते आणि त्यांची माणसं प्रात्यक्षिकांसाठी गावोगाव जातात. ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर मागणी करा, तुम्ही सदस्य आहात, तेवढं वजन वापरा.

आता समोरची बोट. घाईनं पैसे पाठवू नका. विकणाऱ्याला सांगा, पाटीचा, इंजिनाच्या नंबराचा आणि जोडांचा फोटो दे, आणि मृगाच्या आधी एक दिवस संथ पाण्यात बोट उतरवून दाखव. आदल्या संध्याकाळी नळ्यांत हवा भरून ठेवा आणि सकाळी दाबून बघा. मग माणसांऐवजी वाळूची पोती घाला, पन्नास किलोचं दीड पोतं म्हणजे एक माणूस. सहा माणसांची नऊ पोती. सगळी एका कडेला सरकवा, कारण पुरात घाबरलेली माणसं एका कडेलाच धावतात, आणि नळी पाण्यात किती बुडते ते काठावर उभं राहून बघा. तात्यांना बरोबर न्या, पुतण्याला व्हिडिओ काढू दे. विकणारा याला तयार नसेल, तर इसार देऊ नका.